लार्ज ब्लू फुलपाखराच्या कुरणांसाठी वसंतातील चराईचा सल्ला

दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या उतारांवर ज्यांची कुरणे आहेत, त्यांनी मेच्या मध्यापर्यंत चराई आटोपती घ्यावी. मात्र तोपर्यंत ती हात राखून करू नये. लार्ज ब्लू ब्रिटनमधून १९७९ साली नाहीसे झाले, त्यामागे मोठे कारण वाढलेले गवत हे होते. आरंभी दोष फुलपाखरे पकडणाऱ्या संग्राहकांच्या जाळ्यांवर गेला, आणि त्यांना अडवण्यासाठी घातलेल्या कुंपणांमुळे गुरेही बाहेरच राहिली. त्यातच १९५३ मध्ये आलेल्या मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाने ससे मेले आणि उतारावर उरलेसुरले चरणारेही गेले.

या फुलपाखराची मादी थाइम या जमिनीलगत पसरणाऱ्या सुगंधी रानवनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुले खाऊन जमिनीवर पडते, आणि मिर्मिका वंशातली तांबडी मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात उचलून नेते. तेथे ती सुमारे दहा महिने मुंग्यांची पिल्ले खाते. तिच्या अंतिम वजनापैकी जवळजवळ ९८ टक्के वजन वारुळातच वाढते. पण यजमान म्हणून तिला प्रामुख्याने मिर्मिका सॅब्युलेटी हीच जात मानवते, आणि या मुंगीला ऊन लागून तापलेली जमीन लागते. गवत तीन-चार सेंटिमीटरपेक्षा उंच झाले की माती थंड पडते, दुसरी मिर्मिका तिची जागा घेते, आणि थाइम भरभरून फुललेले असूनही अळ्या जगत नाहीत. वरवर हिरवेगार दिसणाऱ्या कुरणाने फसू नये.

म्हणून शरद ऋतूत आणि वसंतात दक्षिणाभिमुख उतारावर गवत दोन ते तीन सेंटिमीटर राहील, इतकी गुरे, मेंढ्या किंवा तट्टे सोडावीत. उंची डोळ्यांनी अजमावू नये. मोजपट्टी मातीला टेकवून दहा-बारा ठिकाणी मोजावी, कारण कडेचे झुबके नजर चुकवतात. थाइमला कळ्या धरू लागल्या की जनावरे काढून घ्यावीत. फुलपाखरे जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उडतात आणि चरणारे जनावर कळीबरोबर अंडेही खाऊन टाकते. ऑगस्टमध्ये पुन्हा चराई सुरू करता येते. खत घालू नये आणि वैरण उतारावर टाकू नये, कारण दोन्हींनी दांडगे गवत माजते. झुडपे हिवाळ्यात काढावीत.

स्वीडनमधून आणलेल्या अळ्यांवर १९८३ पासून चाललेल्या पुनर्वसनात हीच चराई कामी आली. अर्थात थाइम व मुंगी दोन्ही नसतील तर गवत कितीही आखूड ठेवले तरी उपयोग नाही. मुंगीची जात तिच्या स्पर्शिकेच्या बुडाच्या बाकावरून भिंगाखाली ओळखता येते, आणि ती खात्री चराईचे वेळापत्रक बदलण्यापूर्वी जाणकाराकडून करून घ्यावी.