टेस्ट राइडला जाताय? या चुका टाळा

पुण्यात मोटरसायकलच्या शोरूमच्या डेमो डेला, म्हणजे गिऱ्हाइकांना गाडी चालवून बघू देतात त्या दिवशी, पुढच्या गाडीवर मी बरेचदा असतो. काम साधं आहे. चार-पाच गिऱ्हाइकं मागे घ्यायची, सर्व्हिस रोडने न्यायची, ठरलेल्या चौकातून वळवून सुखरूप परत आणायची. पाडवा किंवा दसरा जवळ आला की गर्दी वाढते, आणि त्याच त्या चुका पुन्हा बघाव्या लागतात. दोन-अडीच लाखांची गाडी घ्यायला निघालेला माणूस तिच्यासाठी वीस मिनिटं शांतपणे देत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गियर कसा पडतो हे न बघता गेटबाहेर पडणं

सगळ्यात धोक्याची चूक ही. आपल्याकडे असंख्य लोकांचा हात स्प्लेंडरवर बसलाय. तिथे न्यूट्रलपासून चारही गियर पंजाने पुढे दाबत जायचे, आणि कमी करायचे तर टाचेने मागे. पल्सर, ड्यूक, क्लासिक ३५० किंवा ट्रायम्फ स्पीड ४०० वर पहिला गियर खाली आणि बाकीचे सगळे वर. म्हणजे पायाची जी हालचाल एका गाडीवर गियर वाढवते, तीच दुसरीवर गियर कमी करते. क्लासिकला टाचेचा दांडा असतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो: स्प्लेंडरवर टाच मारली की गियर कमी होतो, क्लासिकवर टाच मारली की वाढतो.

हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण घाईच्या क्षणी डोक्याआधी पाय निर्णय घेतो.

एका डेमो डेला पस्तिशीचे एक गृहस्थ आले होते. रोज ऑफिसला शंभर सीसीची गाडी, सगळे गियर पुढे दाबायचे. डोळा होता चारशे सीसीच्या एका गाडीवर. मी नेहमीप्रमाणे सगळ्यांना सांगितलं, आधी आवारात दोन चकरा मारा. ते म्हणाले, "अहो, कॉलेजपासून गाडी चालवतोय, चला." मागे रांग होती, शोरूमचा मुलगाही घाई करत होता. निघालो. पहिला, दुसरा, तिसरा गियर त्यांनी आठवून आठवून बरोबर टाकले. मग पुढे रस्ता मोकळा दिसला. वेग पन्नासच्या आसपास असेल. चौथा टाकायचा म्हणून त्यांनी सवयीने पंजा खाली दाबला आणि गाडी दुसऱ्यावर आली. इंजिन ओरडलं. त्यांना वाटलं गियर नीट पडला नाही, म्हणून पुन्हा दाबला. आता पहिला. मागचं चाक क्षणभर अडकून उड्या मारायला लागलं, गाडी डावीकडे रस्त्याकडेच्या खडीत उतरली, आणि तिथे त्यांनी घाबरून वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक आवळला.

मनगटाचं हाड मोडलं. हेल्मेट आणि जॅकेट होतं म्हणून डोकं-खांदा वाचला. गाडीचं हँडल वाकलं, क्लचचा लिव्हर तुटला, टाकीला पोचा पडला. त्यांच्या मागच्या गाडीवरच्या मुलाने पुरेसं अंतर ठेवलं होतं म्हणून तो वेळेत थांबला. त्याने ते ठेवलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी आजही करतो. गृहस्थ भले होते, गाडी चालवण्यात कच्चेही नव्हते. फक्त आवारातल्या दोन चकरा त्यांना कमीपणाच्या वाटल्या. आता मागे कितीही रांग असो आणि शोरूमवाले कितीही कुरकुरोत, त्या दोन चकरा झाल्याशिवाय मी कोणाला गेटबाहेर नेत नाही.

माझी पद्धत सांगतो. गाडी बंद असतानाच बसायचं. क्लच दाबून न्यूट्रलमधून पहिला, मग दुसरा, पुन्हा न्यूट्रल. बंद गाडीत गियर लगेच पडत नाही, तेव्हा गाडी जरा पुढेमागे हलवायची. हे चार-पाच वेळा करायचं, तोंडाने म्हणत: खाली एक, वर बाकीचे. मग गाडी सुरू करून नुसता क्लच सोडत बघायचं, कुठे पकडतो ते. काही गाड्यांवर लिव्हर थोडा सोडला की गाडी सरकते, काहींवर अगदी शेवटी. त्यानंतर आवारातच वीसच्या वेगाने दोनदा ब्रेक लावायचा, एकदा नुसता मागचा, एकदा पुढचा-मागचा दोन्ही. एवढ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

जुन्या बुलेटवर आयुष्य काढलेल्या काकांना मी वेगळं सांगतो. त्या गाडीत गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. काका, समोर कुत्रं आडवं आलं की तुमचा डावा पाय ब्रेक शोधणार आणि गियरवर पडणार. तुम्ही चकरा दहा मारा.

मूठ पिळून गाडी "बघणं"

दुसरी चूक जीवघेणी असेलच असं नाही, पण फेरी वाया जाते ती तिच्यामुळेच. लोक मोकळा रस्ता दिसला की मूठ पिळतात, काटा शंभराकडे नेतात, परत येऊन "पिकअप जबरदस्त आहे" म्हणतात आणि बुकिंगच्या टेबलाकडे वळतात. अहो, चारशे सीसीच्या गाडीला पिकअप असणारच. ते कागदावर लिहिलेलं आहे. स्पीड ४०० चे ४० पीएस (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप) आणि नव्या ३९० ड्यूकचे ४६ पीएस तुम्ही सर्व्हिस रोडवर तपासून वेगळं काही हाती लागणार नाही. जे कागदावर लिहिलेलं नसतं ते बघायला तुम्ही आलेले असता.

तुमची गाडी रोज कुठे चालणार? सिंहगड रोडला, हिंजवडीच्या रांगेत, चांदणी चौकाच्या चढावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तिथे दुसऱ्या गियरमध्ये, पंधरा-वीसच्या वेगाने. म्हणून मी मागच्या लोकांना मुद्दाम गर्दीतून नेतो आणि काही जण त्याबद्दल नाराजही होतात. पण दुसऱ्या गियरमध्ये रेस न देता गाडी गुळगुळीत सरकते की झटके खाते, हे तिथेच कळतं. क्लच शहरात दिवसभर दाबावा लागणार आहे. दहा सिग्नल झाल्यावर डावा हात काय म्हणतो ते विचारा. पाय न टेकता यू टर्न घेऊन बघा. हँडल किती वळतं, वळताना गुडघ्याला किंवा टाकीला हात लागतो का बघा. स्पीडब्रेकर मुद्दाम बसून घ्या, कंबरेला काय जाणवतं ते लक्षात ठेवा. चढावर थांबून पुन्हा निघा.

आणि गरमपणा. लिक्विड कूलिंगच्या, म्हणजे द्रवाने इंजिन थंड ठेवणाऱ्या गाडीचा पंखा गर्दीत सुरू झाला की गरम हवा पायांवर येते. काही गाड्यांत ती बरी वळवलेली असते, काहींत थेट नडगीवर. पंखा सुरू होण्याआधीच तुम्ही परत आलात तर हे तुम्हाला कधी कळणार? पाच मिनिटांची फेरी मला मान्यच नाही. किमान वीस मिनिटं मागा. इंजिन नीट तापू द्या.

यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे बंद गाडी हाताने ढकलणं. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो आहे, क्लासिक ३५० चं १९५. पार्किंगच्या उतारावर नाक खाली करून उभी केलेली १९५ किलोची गाडी मागे ओढताना काय होतं, ते शोरूमच्या उतारावर एकदा करून बघा. ज्यांना रोज घट्ट पार्किंगमधून गाडी काढायची आहे त्यांच्यासाठी ही परीक्षा इंजिनाच्या ताकदीपेक्षा मोठी आहे.

सीटची उंचीही अशीच. हंटर ७९० मिलिमीटर, क्लासिक ८०५, एक्सपल्स २०० फोर व्ही ८२५, हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ वर बसवता येते. आकडे वाचून काही ठरवू नका. सीट रुंद असेल तर पाय फाकतात आणि कमी उंचीची गाडीही उंच वाटते. दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं माझं म्हणणं नाही. एक पाय नीट टेकला आणि गाडीचा तोल हातात राहिला तरी चालतं. मात्र शोरूमची फरशी सपाट असते, तिच्यावर बसून हे ठरत नाही. रस्त्याच्या कडेला, जिथे डांबर संपून माती खाली उतरते, तिथे थांबून बघा.

पायात चप्पल, खिशात लर्निंग

चप्पल घालून येणाऱ्याला मी गाडी देत नाही. सँडललाही नाही. घोटा झाकणारा बूट, फुल पँट, शक्यतो जॅकेट, आणि हेल्मेट स्वतःचं. शोरूमचं हेल्मेट दिवसभर अनेकांच्या डोक्यावरून फिरलेलं असतं आणि तुमच्या मापाचं निघेलच असं नाही. हनुवटीचा पट्टा न बांधलेलं हेल्मेट मी नसलेलं धरतो.

लायसन्स नीट वाचा. स्कूटरवर परीक्षा देऊन "विनागियर" लायसन्स मिळालेले अनेक जण तेच दाखवून गियरची गाडी मागतात. ते चालत नाही. त्या वर्गाचं लायसन्स नसताना चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणंच, आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड ५,००० रुपये आहे. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न त्याहून मोठा. लर्निंगवाल्यांनी महिनाभर थांबावं. गाडी कुठे पळून जात नाही.

फेरीत मोबाइल हँडलला लावून रील काढणं पूर्ण बंद. पुढच्या गाडीला मागे टाकणंही बंद, आणि पुढच्याच्या अगदी शेपटीला चिकटून चालणंही. वर सांगितलेला मुलगा अंतरामुळेच वाचला.

गाडी स्टार्ट होत नाही म्हणून स्टार्टर दाबत बसू नका. लाल किल स्विच (इंजिन बंद करणारं बटण) बघा, साइड स्टँड वर आहे का बघा, क्लच दाबलाय का बघा. नव्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असताना गियर टाकला की बंद पडतात. हा बिघाड नाही, सोय आहे.

पावसाळ्यात फेरी असेल तर झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर आणि ड्रेनेजच्या झाकणावर ब्रेक लावू नका. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी सोय, असलं तरी. डेमोची गाडी अगदी कोरी असेल आणि टायर चकाकत असतील तर कोरड्या रस्त्यावरही वळणं सांभाळून घ्या, नवं रबर सुरुवातीला घसरतं.

मीटरवर दिसणाऱ्या अॅव्हरेजवर विश्वास ठेवू नका. त्या गाडीची मूठ दिवसभर वेगवेगळ्या लोकांनी पिळलेली असते. क्लच ढिला, चेन आवाज करणारी, टायरमध्ये हवा कमी असं डेमो गाडीत सर्रास असतं. निघण्याआधी हवा तपासून मागा, नाहीतर हँडल जड लागल्याचा दोष विनाकारण गाडीला द्याल.

मागे बसणारं माणूस घरी ठेवून येणं

गाडी घरातल्या दोघांसाठी घ्यायची असेल तर दोघांनी या. अनेकदा नवरा एकटा येतो, बुकिंग करतो, आणि महिन्याभराने बायको सांगते की मागची सीट फळीसारखी आहे आणि धरायला काही नाही. पहिली फेरी एकट्याने, दुसरी शोरूमवाल्यांना विचारून डबल सीट. साडी नेसणाऱ्या, ओढणी घेणाऱ्या बायका मागे बसणार असतील तर साडीगार्ड, हाताला धरायची पकड आणि मागचे फूटरेस्ट बारकाईने बघा. या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत सक्तीच्या आहेत. डेमो गाडीवर साडीगार्ड नसेल तर तो बसवलेली गाडी दाखवा म्हणा. मागच्या माणसाचं मत मी निम्मं धरतो.

एकच गाडी चालवून ठरवणं, आणि तिथेच सही

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के लागू झाला. तेव्हापासून "साडेतीनशेच्या आतलीच दाखवा" म्हणत येणारे वाढले आहेत. किमतीचा विचार करायलाच हवा. पण मनात दोन गाड्या असतील तर दोन्ही चालवा, शक्यतो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर. आठवड्याच्या अंतराने चालवल्या तर दुसरी नेहमी जास्त चांगली वाटते.

फेरीआधी जो फॉर्म पुढे करतात तो वाचल्याशिवाय सही करू नका. गाडीचं नुकसान झालं तर खर्च कोणाचा, हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा तो तुमचा असतो. विमा चालू आहे का, गाडी कोणाच्या नावावर आहे, हे तोंडी विचारा. आधीचे ओरखडे, वाकलेला लिव्हर, तुटलेला आरसा यांचे फोटो निघण्याआधी काढून शोरूमच्या माणसाला तिथेच दाखवा.

बुकिंगचे पैसे त्या दिवशी भरू नका. "आजची ऑफर" पुढच्या रविवारीही असते. घरी जा, पाठ आणि मनगट संध्याकाळी काय सांगतात ते बघा, आणि मग एखाद्या कामाच्या दिवशी, तुमच्या ऑफिसच्या वेळेला, दुसरी फेरी मागा. शोरूमने नकार दिला तर शहरातल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या शोरूमला फोन करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा वीस मिनिटांऐवजी अर्धा तासही मिळतो.