मणक्याला मार बसला? या चुका टाळा

एप्रिल-मे आला की सांगलीकडच्या वाळवा-पलूस भागात विहिरींवर पोरांची गर्दी होते. पाणी तळाला गेलेलं असतं, पण सूर मात्र श्रावणातल्यासारखाच मारला जातो. डोकं तळाला आपटतं, मान मुडपते. मग काठावरची माणसं जिवाच्या आकांतानं धावतात. दोघं काखेत धरतात, दोघं पाय धरतात, वर काढून उभं करून बघतात आणि मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखाना गाठतात. मी घरोघरी जाऊन व्यायाम देणारी फिजिओथेरपिस्ट आहे. "पडला तेव्हा पाय हलत होते हो," हे मी एकापेक्षा जास्त घरांत ऐकलंय.

इथं आत काय घडतं ते समजून घ्या. मणके ही हाडं. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून खाली उतरणारी मऊ दोरी म्हणजे मज्जारज्जू. जाडी जेमतेम करंगळीएवढी, लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. ती पार माकडहाडापर्यंत जात नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपते. तिच्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात. हाड मोडलं म्हणजे दोरी तुटलीच असं नसतं. पण मोडलेलं हाड उचलाउचलीत सरकलं तर तिला चेपतं, आणि थोडक्यात निभावलं असतं ते कायमचं होऊन बसतं.

म्हणून बसवू नका, उभं करू नका, मान हलवून बघू नका. पाण्यात असेल तर तोंड वर ठेवून तरंगतं धरा आणि सरळ फळीवर घ्या. जमिनीवर असेल तर एकानं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं, दुसऱ्यानं १०८ ला फोन लावावा. उलटी झाली तर ओंडका लोळवतात तसं डोकं, पाठ, पाय एकदम कुशीवर वळवा. पाणी पाजू नका. मानेला मार असेल तर श्वासाकडे डोळा ठेवा: श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा स्नायू, हलवणाऱ्या नसा मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात.

उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला, आंब्याच्या फांदीवरून घसरलेला, सगळ्यांना हेच लागू. मणका 'बसवून' देणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका.

पेशंट घरी आला की सगळ्यांचं लक्ष पायांवर. पाय कधी हलतील? माझं लक्ष आधी पाठीखाली जातं. मज्जारज्जू चेपली की मार लागलेल्या जागेच्या खालचं अंग बधिर पडतं. बधिर भागाला दुखत नाही, म्हणून पेशंट कूसही बदलत नाही. एकाच जागी दाब राहून कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि आतलं मांस मरायला लागतं. वरून फक्त लाल डाग दिसतो. बोटानं दाबल्यावर तो पांढरा होत नसेल तर बेडसोरची सुरुवात झाली असं धरा आणि त्या जागेवर भार टाकणं बंद करा. चोळू नका. मधे भोक असलेली रबरी चकती देऊ नका, ती कडेनं दाब वाढवते. एअर बेड आणला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. आपलं सांगली हळदीचं गाव, त्यामुळं जखमेत हळद भरलेली मला अनेकदा दिसते. जखम खोल असेल तर त्यानं ती नीट दिसतही नाही. डॉक्टरांना दाखवा.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बधिर पायांना कधीच नको. फोड येतो तेव्हाच कळतं.

लघवीच्या भीतीनं पाणी तोडणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्यानं जंतुसंसर्ग आणि खडे वाढतात. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ठरावीक वेळी, बहुधा चार ते सहा तासांनी, नळीनं मूत्राशय रिकामं करा. मार छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर डोकेदुखीची गोळी देऊन आडवं करू नका. रक्तदाब एकदम चढलेला असू शकतो. बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का बघा. तुंबलेली लघवी किंवा शौच हेच बहुतेक वेळा कारण असतं. उतार पडला नाही तर ताबडतोब दवाखाना.

पाय आपोआप उडायला लागले की घरात पेढे येतात. त्या आनंदावर पाणी टाकताना माझ्या जिवावर येतं. पण ती ताठरपणाची उसळी असते. मनात आणून अंगठा हलवता आला तर ती वेगळी गोष्ट, ती लगेच कळवा.

रोज रात्री माकडहाड, खुबे, टाचा बघायच्या. हात चालत असतील तर लांब दांड्याचा आरसा पेशंटच्याच हातात द्या. एका पोरानं टाचेवरचा डाग आईच्या आधी स्वतः पकडला, आणि तिथं जखम झालीच नाही.