सेंट लुशियात क्रूझ थांबली? अर्ध्या दिवसाच्या सहलीत या चुका टाळा

भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतली बरीच मराठी कुटुंबं आठवड्याची कॅरिबियन क्रूझ काढतात. सामान एकदाच उघडायचं, जेवणाची चिंता नाही, रोज नवं बेट. दक्षिणेकडच्या मार्गावर सेंट लुशिया हमखास लागतं. सकाळी आठच्या सुमारास जहाज राजधानी कॅस्ट्रीजच्या धक्क्याला लागतं आणि साधारण संध्याकाळपर्यंत थांबतं. एवढ्या वेळात गाईडबरोबर चार-पाच तासांची सहल आरामात होते. तरी दुपारी जहाजावर परतलेले कितीतरी चेहरे वैतागलेले असतात. गाडीत बसून अंग आंबलेलं, फोटो धावत्या खिडकीतून काढलेले, आणि पिटॉनचे प्रसिद्ध सुळके नीट पाहिलेच नाहीत. बेट अतिशय सुंदर आहे, दोष त्याचा नाही. हिशेब आधी केलेला नसतो, तो चुकतो.

चूक पहिली: बेट छोटं म्हणून सगळं बघायला जाणं

सेंट लुशियाची लांबी जेमतेम ४३ किलोमीटर. नकाशा बघून वाटतं, तासाभरात बेट पालथं घालू. पण जगभर ज्यांचे फोटो जातात ते दोन सुळके, ग्रो पिटॉन आणि पेटी पिटॉन, नैऋत्येला सुफ्रिए गावाजवळ आहेत आणि जहाज लागतं वायव्येला. मधला रस्ता आंबेनळी घाटाची आठवण करून देणारा: चढ, आंधळी वळणं, मग दरी, मग पुन्हा चढ. कुठेही न थांबता एका बाजूला सव्वा तास धरा. म्हणजे साडेचार तासांच्या सहलीतले अडीच तास गाडीतच गेले. उरले दोन.

या दोन तासांत माहितीपत्रकावर काय काय लिहिलेलं असतं? मारीगोचा उपसागर, आन्स ला रे हे कोळ्यांचं गाव, पिटॉनचं दर्शन, ज्वालामुखी, चिखलस्नान, धबधबा, वनस्पतिउद्यान, कोको मळा, शिवाय समुद्रस्नान. प्रत्येक ठिकाणाच्या वाट्याला पंधरा मिनिटंही येत नाहीत. त्यातली पाच चढण्या-उतरण्यात आणि पाच स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात.

म्हणून सहल ठरवताना किती ठिकाणं दाखवणार, हे विचारू नका. विचारा, 'गाडीबाहेर किती वेळ मिळणार?' माझं स्पष्ट मत असं: सुफ्रिएला जायचं तर वाटेतले थांबे एक-दोनच ठेवा आणि तिथे पोचल्यावर दोनच गोष्टी निवडा. सुफ्रिएच्या अलीकडे उंचावर एक वळण आहे, तिथून गाव, खाडी आणि पेटी पिटॉन एका नजरेत येतात. तिथे गाडी थांबवायला लावा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. ग्रो पिटॉन सुमारे ७७० मीटर उंच, पेटी पिटॉन ७४३. दोन्ही ज्वालामुखीतून वर आलेले आणि जवळजवळ थेट समुद्रातून उभे राहिलेले. २००४ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला. चालत्या गाडीतून काच खाली करून बघण्यासारखी ही जागा नाही.

ग्रो पिटॉन चढण्याचा बेत मात्र या सहलीत बसवू नका. पायथ्याच्या गावातला गाईड घेऊन चढायचं असतं आणि चढ-उतारालाच चार तास सहज लागतात. त्यात कॅस्ट्रीजहून येण्याजाण्याचा वेळ मिळवला की जहाज चुकण्याची पाळी येते.

जहाजाचा थांबा पाच-सहा तासांचाच असेल, किंवा बरोबर कोणाचे गुडघे दुखत असतील, तर सुफ्रिए सोडूनच द्या. कॅस्ट्रीजच्या डोक्यावरचं मॉर्न फॉर्च्युन, तिथल्या जुन्या लष्करी इमारती, खाली मारीगो, शेवटी शहरातला बाजार, एवढं तीन तासांत निवांत होतं. या टेकडीसाठी फ्रेंच आणि इंग्रज कितीदा लढले! बेट दोघांत मिळून चौदा वेळा हातोहात गेलं आणि २२ फेब्रुवारी १९७९ ला स्वतंत्र झालं. गाईडला हा इतिहास सांगायला फार आवडतो, फक्त तुम्ही घाईत नसायला हवं.

जाताना रस्त्याने आणि येताना कॅटामरान बोटीने, अशीही सहल मिळते. परवडत असेल तर ती घ्या. पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्यामुळे समुद्र तुलनेने शांत असतो, आणि तोच घाट पुन्हा उतरावा लागत नाही.

चूक दुसरी: मोबाइलच्या घड्याळावर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सेंट लुशियाची वेळ वर्षभर एकच असते, ग्रीनिचच्या चार तास मागे. मायामी उन्हाळ्यात चार तास मागे असतं आणि हिवाळ्यात पाच. काही जहाजं बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात, काही निघालेल्या बंदराचीच वेळ चालू ठेवतात. समजा जानेवारीत तुमचं जहाज मायामीच्या वेळेवर चालतंय आणि तुम्ही बाहेरच्या गाईडशी नऊची वेळ ठरवली आहे. जहाजावर नऊ वाजतात तेव्हा बेटावर दहा वाजलेले असतात. गाईड तासभर वाट बघून निघून गेलेला असतो.

उलटा प्रकार आणखी वाईट. उन्हाळ्यात मायामीहून निघून कोझुमेल, जमैका किंवा ग्रँड केमनला थांबलात तर तिथली वेळ मायामीच्या एक तास मागे असते. मोबाइल जमिनीवर पाय ठेवताच आपोआप बदलतो. तो साडेतीन दाखवतो तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात.

उपाय सोपा आहे. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि उतरताना दारावरच्या फलकाशी ताडून बघा. गाईडशी ठरवताना 'बेटाची वेळ की जहाजाची?' हे लेखी विचारून घ्या. आणखी एक गोष्ट. जहाज सुटण्याची वेळ वेगळी आणि सगळ्यांनी परत चढण्याची वेळ वेगळी, ती सहसा अर्धा तास आधीची असते. बाहेरच्या गाईडबरोबर जात असाल तर या चढण्याच्या वेळेच्याही दीड तास आधी धक्क्यावर हजर राहा, असं मी आग्रहाने सांगेन. जहाजाकडूनच घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. जहाजाच्या सहलीचे जास्तीचे पैसे खरं तर या हमीचे असतात. आई-बाबा बरोबर असतील आणि सुफ्रिएपर्यंत जायचं असेल तर ते पैसे द्यावेत.

चूक तिसरी: 'धक्क्यावर भेटू' एवढ्यावर सोडणं

कॅस्ट्रीजला जहाजं बंदराच्या दोन बाजूंना लागतात, पलीकडे पॉइंट सेराफिन आणि शहराच्या बाजूला ला प्लास कॅरेनाज. गर्दीच्या दिवशी दोन्हीकडे जहाजं असतात. गाईड एकीकडे नावाची पाटी धरून उभा आणि कुटुंब दुसरीकडे त्याला शोधतंय, असं सर्रास होतं. जहाजाचं नाव आणि धक्का दोन्ही त्याला आदल्या दिवशी कळवा. इथले बहुतेक गाईड व्हॉट्सॲपवर असतात.

आयत्या वेळी टॅक्सी करायची तर नंबरप्लेट 'टीएक्स'ने सुरू होते ना ते बघा. दर गाडीचा की माणशी, आणि कोणत्या डॉलरमध्ये, हे बसायच्या आधी बोला. इथलं चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा त्याचा दर बांधलेला आहे. अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात, पण सुटे परत मिळतात ते स्थानिक चलनात. एक, पाच, दहाच्या नोटा जवळ ठेवा. गाईडला दहा ते पंधरा टक्के टिप द्यायची पद्धत आहे, आणि हा घाट दिवसातून दोनदा सांभाळून चालवणाऱ्या माणसाला ती हात आखडता न घेता द्यावी.

चूक चौथी: बुफेवर ताव मारून घाटात जाणं

गाडी लागण्याचा त्रास ज्यांना एरवी होत नाही त्यांनाही या रस्त्यावर होतो. नाश्ता हलका करा. गोळी घ्यायची सवय असेल तर निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल ते घरूनच डॉक्टरांना विचारून निघा. आलेपाक, आवळा सुपारी खिशात असू द्या. पुढची सीट गाईडकडे आधीच मागून ठेवा, आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका.

सल्फर स्प्रिंग्ज: चांदी, कपडे आणि कठडा

सल्फर स्प्रिंग्ज म्हणजे गंधकाचे गरम झरे. इथे सुफ्रिएजवळ गाडी अगदी ज्वालामुखीच्या तोंडाशी जाते. राखाडी पाणी खदखदत असतं, वाफेचे लोट निघतात आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हाच वायू चांदीला लागला की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. जोडवी, पैंजण, चांदीची अंगठी घालून गेलेल्या बायका संध्याकाळी घाबरून जातात. 'आई, जोडवी केबिनमध्येच काढून ठेव,' एवढं सकाळी म्हणायचं विसरू नका. काळी पडलीच तर घाबरायचं कारण नाही, थर वरवरचा असतो. घरी आल्यावर ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्यात ठेवली की पुन्हा उजळतात. खडे जडवलेले दागिने मात्र असे बुडवू नका.

चिखलस्नानाला गडद रंगाचा, जुना पोहण्याचा पोशाख न्या. पांढऱ्या कपड्यावर पडलेला डाग जात नाही. आधी गरम कुंडात अंग ओलं करायचं, चिखल लावायचा, उन्हात वाळू द्यायचा आणि मग धुवायचा. या सगळ्याला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर नुसतं बघून निघा, त्यात काही बिघडत नाही. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी कुंडात उतरू नये. खदखदत्या भागाला कठडा घातलेला आहे. पूर्वी लोक वरच्या कवचावरून चालत जात, पण कवच खचून एक गाईड भाजला आणि ते बंद झालं. फोटोसाठी कठड्यावर मुलांना बसवू नका.

अंगावरचा वास घालवायला जवळचा टोराय धबधबा उत्तम, तिथे पाण्यात उतरता येतं. डायमंड वनस्पतिउद्यानातला धबधबा खनिजांमुळे खडकावर पिवळे-हिरवे पट्टे उमटलेला, पण तो फक्त पाहायचा. बागेत वेळ काढणारच असाल तर गाईडला झाडं दाखवायला सांगा. कोको, जायफळ, नारळ आणि कोकणात-गोव्यात परसात असतो तोच नीरफणस दिसला की आजी-आजोबांची कळी खुलते. वाटेतल्या रोझोच्या खोऱ्यात केळीचे घड प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले दिसतात, जळगावकडच्या लोकांना ते वेगळं सांगायला नको.

शाकाहारी आहात? मग पदार्थाच्या नावावर जाऊ नका

'ग्रीन फिग अँड सॉल्टफिश' हा इथला राष्ट्रीय पदार्थ. त्यातलं ग्रीन फिग म्हणजे उकडलेली कच्ची केळी, पण बरोबर खारवलेला मासा असतोच. कॅलालूचं सूप अळूच्या जातीच्या पानांचं असतं, ते बघून मन वळतं, मात्र त्यात बहुधा खेकडा किंवा खारवलेलं मांस पडतं. 'मीट नाही' म्हटलं की मासे चालतात असा समज होऊ शकतो, म्हणून मासे, चिकन, मांस काहीच नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. हमखास पोट भरेल ती चणा-बटाट्याची रोटी. १८५९ पासून भारतातून इथे आणलेल्या गिरमिटिया मजुरांचा हा वारसा बेटाने आपलासा केला आहे. कसाव्याच्या कंदाची भाकरीही छान लागते, कॅनरीज गावाजवळ गरमागरम मिळते.

जहाजावरून सफरचंद, केळं, बुफेतलं सँडविच घेऊन उतरू नका. ताजी फळं आणि शिजवलेलं अन्न बेटावर नेण्यावर निर्बंध असतात आणि धक्क्यावर ते काढून घेतात. कंपनीचं सीलबंद पाकीट, म्हणजे बाकरवडी किंवा बिस्किटं, सहसा चालतं.

कपडे आणि फोटो

लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे घालायला सेंट लुशियात कायद्याने बंदी आहे. मुलांची टोपी आणि पाठपिशवीसुद्धा तपासा. शहरात पोहण्याच्या कपड्यांत फिरणं वाईट दिसतं. रस्त्याकडेला साप गळ्यात घालून उभे असलेले लोक फोटोचे पैसे मागतात, नको असेल तर कॅमेरा वर करायच्या आधीच हसून नाही म्हणा. बाजारातल्या बायकांचा फोटो विचारूनच काढा.

गडबड झालीच तर

उतरण्यापूर्वी जहाजाच्या दैनिक पत्रकावरच्या पोर्ट एजंटच्या, म्हणजे बंदरातल्या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीच्या, नंबराचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटोही मोबाइलमध्ये हवेत, शिवाय एक कागदी प्रत वेगळ्या पिशवीत. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांना जहाज चुकलं तर मूळ पासपोर्टशिवाय विमानात बसता येणार नाही. म्हणून तो केबिनच्या तिजोरीत असल्याचं एजंटला पहिल्याच फोनमध्ये सांगा, म्हणजे जहाज सुटण्याआधी तो काढून घेण्याची सोय होऊ शकते. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचाच असतो, त्यामुळे प्रवास विम्यात हे बसतं का ते घरूनच बघून ठेवा.

पावसाने दरड आली किंवा गाडी बंद पडली आणि तुम्ही सुफ्रिएकडे अडकलात, तर रस्ता मोकळा व्हायची वाट बघत बसू नका. सुफ्रिएच्या धक्क्यावर वॉटर टॅक्सी मिळतात. त्या समुद्रमार्गे थेट कॅस्ट्रीजला आणून सोडतात आणि वेळही रस्त्याइतकाच किंवा कमी लागतो. गाईडला तिथूनच बोटवाल्याला फोन करायला सांगा, दर ठरवून घ्या, आणि जहाज कोणत्या धक्क्याला आहे ते बोट सुटण्याआधीच सांगा.

जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. जहाज ऐनवेळी बेट वगळून पुढे जाऊ शकतं. जहाजाने विकलेल्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. बाहेरच्या गाईडकडून मात्र 'जहाज आलं नाही तर पूर्ण परतावा' हे वाक्य आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी घ्या. ते लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे नाव नोंदवू नका.