सनद मिळाल्यावर आधी मोबाईल सांभाळा

वकिलीची सनद, म्हणजे परवाना, हातात पडली, सिनिअरच्या ऑफिसात टेबलाचा एक कोपरा मिळाला, की पहिलं काम काय? व्हॉट्सॲपला स्टेटस. काळा कोट, गळ्यात बँड आणि खाली 'जमीन, फौजदारी, घटस्फोट – संपर्क साधा'. जळगाव असो की शिरपूर, हा सोहळा सगळीकडे चालतो. पण वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीमुळे वेबसाइटवर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच देता येते. स्टेटसला 'वेबसाइट नाही' म्हणून सूट मिळेल या भरवशावर राहू नका.

तालुक्याच्या कोर्टात खरी कसोटी लागते ती पुराव्याच्या वेळी. चोपड्याकडचा केळीवाला शेतकरी येतो. व्यापाऱ्याने माल नेला, पैसे थकवले. "समदं मोबाईलमा शे, वकीलसाहेब," म्हणत फोन पुढे करतो. नवशिका स्क्रीनशॉट काढून झेरॉक्सवाल्याकडे धावतो. पण तेवढ्याने भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. मोबाईलसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ते दोन भागांत असतं: 'अ' भाग पक्षकाराचा, 'ब' भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या अशाच ६५-ब कलमाच्या प्रमाणपत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या अर्जुन खोतकर निकालात ते सक्तीचं ठरवलंय. मूळ फोनच मालकाने साक्षीत हजर केला, तर गोष्ट वेगळी. म्हणून पक्षकाराला पहिल्याच भेटीत बजावा: फोन विकू नका, चॅट पुसू नका, फॉरमॅट तर मुळीच मारू नका. आणि गैरसोयीचे मेसेज "काढून टाकू का?" असं विचारलं, तर तोंडावर नाही म्हणा. पुरावा नष्ट करायचा सल्ला देणं वकिलाचं काम नाही, तो गुन्हा आहे.

त्याच चॅटचा फोटो वकिलांच्या ग्रुपवर "यावर काय करावं?" म्हणून टाकायचा मोह होतो. टाकू नका. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ नये. साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तेच सांगतं, आणि केस संपली तरी ते बंधन सुटत नाही. छोट्या गावात नाव झाकून काही उपयोग नसतो, 'तो केळीवाला' म्हटलं की सगळ्यांना कळतं. फुकटच्या एआय ॲपमध्ये पक्षकाराची कैफियत जशीच्या तशी चिकटवणं हेही मला त्याच जातीचं वाटतं.

एआयला कामाला लावायला माझी हरकत नाही. तारखांची यादी, इंग्रजी अर्जाचा कच्चा मसुदा हे झटपट होतं. पण निवाडे तो बेधडक रचून देतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माटा विरुद्ध ॲव्हिआन्का या प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात निवाडे फुकट आहेत. नाव टाकून मूळ निकाल उघडा, परिच्छेद वाचा, मगच अर्जात लिहा. सिनिअर विचारतात तेव्हा "एआयने दिलंय" म्हटलेलं चालत नाही; फाइल परत तुमच्याच टेबलावर येते.