दारू घेणाऱ्या बाईने जीवनसत्त्वाची गोळी कशी घ्यावी

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बाई दारू घेते हे घरातसुद्धा बोललं जात नाही. मग ते डॉक्टरांपुढेही लपतं, आणि थकवा आला, हातापायांना मुंग्या आल्या की बाई मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणते.

म्हणून पहिलं काम गोळीचं नाही. डॉक्टरांना खरं सांगा : काय घेता, किती, आठवड्यातून कितींदा. सोबत आलेल्या माणसाला बाहेर थांबायला सांगितलंत तरी चालतं. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते. हे डॉक्टरांना माहीत असतं.

मग रक्त तपासा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी १२ जीवनसत्त्व, लिव्हर. पाळीमुळे लोह कमी पडतं, पण दारूमुळे ते लिव्हरमध्ये साठूही शकतं. तेव्हा लोहाची गोळी रिपोर्ट बघूनच.

सर्वांत जपायचं ते बी १ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, आणि दारू ते आतड्यातून नीट शोषूच देत नाही. इथे आपलं जेवण कामाला येतं. उकडा तांदूळ घ्या. भात टरफलासकट उकडतात, तेव्हा बी १ दाण्यात मुरतं. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ते फारसं उरत नाही. भाताची पेज ओतून देऊ नका, मीठ घालून प्या. हुलग्याचं पिठलं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, जोंधळ्याची भाकरी यांतूनही ते मिळतं. रोज पिणारीला एवढ्याने भागत नाही, तिने डॉक्टरांकडून बी १ ची गोळी लिहून घ्यावी. बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं, एकाचं दोन दिसणं असं काही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. तिथे बी १ इंजेक्शनने देतात.

फॉलिक ॲसिडसाठी मेथी, पालक, मसूर. पण बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा मात्र बिघडत जातात. म्हणून बी १२ साठी दही, अंडी, मासे ठेवाच. मूल हवं असेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड किमान महिनाभर आधीपासून सुरू करा आणि दारू पूर्ण बंद ठेवा. गरोदरपणात एक घोटही सुरक्षित धरता येत नाही.

अ जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेऊ नका. दारूसोबत त्या लिव्हरला घातक ठरतात. नेहमी पिणारीने डोकेदुखीवर पॅरासिटामॉलही विचारूनच घ्यावं. संकष्टी-एकादशीच्या उपासाच्या पोटी तर पिऊच नका.

रोज पीत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका. हात कापणं, घाम, भास, फिट येऊ शकते, आणि त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. कुणाशी बोलायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो.