दिव्याची नोंद ताऱ्याच्या आधी आणि नंतरही घ्यावी
नाशिकमध्ये हिवाळ्याच्या रात्री, विशेषतः त्र्यंबकेश्वर रस्त्याच्या बाजूच्या मोकळ्या माळावर, तापमान झपाट्याने उतरते आणि दुर्बिणीला जोडलेल्या स्पेक्ट्रोग्राफचा, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून नोंदवणाऱ्या उपकरणाचा, सांगाडा आकुंचन पावून वर्णरेषा कॅमेऱ्याच्या संवेदकावर हळूहळू सरकतात. म्हणून ज्याच्या रेषांच्या तरंगलांब्या आधीच ठाऊक असतात आणि ज्यावरून ताऱ्याच्या रेषा मोजल्या जातात, त्या निऑन-आर्गॉन दिव्याची नोंद रात्रीतून एकदाच घेऊन भागत नाही. ती ताऱ्याच्या नोंदीआधी आणि नंतर, दुर्बीण त्याच दिशेला रोखलेली असतानाच घ्यावी, कारण दुर्बीण वळवली की उपकरणाचा भार वेगळ्या बाजूला पडून ते किंचित वाकते. दोन्ही नोंदींवरून ताऱ्याच्या नोंदीवेळची रेषांची स्थिती काढावी.

निऑनची ६४०२.२५ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) रेषा फार तेजस्वी असते. ती संपृक्त झाली, म्हणजे तिचा प्रकाश संवेदकाच्या मर्यादेपलीकडे गेला असल्यास तिचे केंद्र नीट सापडत नाही, तेव्हा ती सरळ वगळावी. संवेदकावरील स्थानावरून तरंगलांबी काढणाऱ्या बहुपदीचा घात वाढवला की उरलेली चूक कागदावर लहान दिसते, पण वर्णपटाच्या टोकांना रेषा नसतील तर तिथे वक्र भरकटतो. माझ्या मते तिसऱ्या घातापुढे सहसा जाऊ नये.

हवेतील आणि निर्वातातील तरंगलांब्यांची सरमिसळही टाळावी. हायड्रोजन-अल्फा रेषा हवेत ६५६२.८, तर निर्वातात ६५६४.६ अँगस्ट्रॉमवर असते, आणि एवढ्या फरकाने ताऱ्याच्या मोजलेल्या वेगात सेकंदाला सुमारे ८३ किलोमीटरची चूक होते.

स्पेक्ट्रोग्राफची विभेदनक्षमता (जवळजवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता) पुरेशी असल्यास, अंतिम पडताळणीसाठी याच रेषेभोवतीच्या, पृथ्वीच्या वातावरणातील बाष्पाच्या बारीक रेषा पाहाव्यात. एरवी निरीक्षकाला वैताग आणणारी पावसाळ्यानंतरची दमट हवा इथे मात्र उपयोगी पडते, कारण तेव्हा त्या अधिक ठळक दिसतात.