इस्टेट सेलला निघायच्या आधी: डोकं, पिशवी आणि गाडीची डिकी

आमच्याकडे न्यू जर्सीत थंडी सरली की इस्टेट सेलना ऊत येतो, आणि दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं की मलाही यायचंय, काय काय घेऊन येऊ. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात: गराज सेलमध्ये लोक नको असलेलं सामान ड्राइव्हवेवर मांडतात, इस्टेट सेलमध्ये अख्खं घर विकायला काढलेलं असतं. घरातले आजीआजोबा गेलेले असतात किंवा असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहायला गेलेले असतात, मुलं लांबच्या राज्यात असतात, मग एखाद्या कंपनीला काम देतात आणि ते लोक चमच्यापासून पियानोपर्यंत प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावून शुक्रवार-शनिवार-रविवार दार उघडं ठेवतात. आपण अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात उभे असतो, त्याची कपाटं उघडून बघत असतो, हे मनात ठेवूनच जायचं.

तयारी सुरू होते बुधवार-गुरुवारी रात्री, जेवणं आटपली की. इस्टेटसेल्स डॉट नेटवर आपला झिपकोड टाकला की जवळपासचे सगळे सेल फोटोंसकट दिसतात. पूर्ण पत्ता बरेचदा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी उघडतो, त्यामुळे आधी गाव बघून ठेवायचं. फोटो मोठे करून बघा आणि पुढच्या वस्तूंपेक्षा मागचं जास्त बघा. कंपनी झुंबर आणि डायनिंग सेट पुढे ठेवून फोटो काढते, पण मागच्या शेल्फवर काय रचलंय, बेसमेंटच्या भिंतीला काय टांगलंय, शिवणाच्या खोलीत किती डबे आहेत, ते त्याच फोटोत कोपऱ्यात दिसतं. बाथरूमला अजून जुन्या गुलाबी टाइल्स असतील आणि किचन कधी रिनोव्हेट केलेलं नसेल तर मी त्या घराला पहिला नंबर देते, कारण तिथे एकच कुटुंब वर्षानुवर्षं राहिलेलं असण्याची शक्यता जास्त आणि अशा घरातल्या वस्तू सहसा कुणी टाकून दिलेल्या नसतात. माँटक्लेअर, मेपलवुड, वेस्टफील्ड या बाजूला अशी जुनी घरं भरपूर आहेत. नियम पण तिथेच वाचून घ्या: कार्ड चालतं का, आत शिरायच्या रांगेचे नंबर किती वाजता देणार, पार्किंग कुठे, लहान मुलं आणली तर चालतील का. मुलं शक्यतो नकोच, सगळीकडे काच आणि अरुंद जिने असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काय शोधायला चाललोय ते घरीच ठरवा, फार तर दोन प्रकार. सगळं छान दिसतं म्हणून सगळं बघत बसलं तर पहिल्याच खोलीत तास जातो आणि हातात चार कप येतात. बिडाची भांडी घ्या, किंवा शिलाई मशिन, किंवा पायरेक्सची काचेची भांडी, किंवा कॅमेरे, काहीही, पण त्या एका गोष्टीचा आधी अभ्यास करा. ईबेवर भाव बघताना विकायला लावलेले आकडे बघू नका, 'सोल्ड' फिल्टर लावून प्रत्यक्ष विकलं गेलेलं बघा, मागणारा काहीही मागतो. छाप-ठसे पाठ करा. वस्तूवर देशाचं नाव असेल तर ती साधारण १८९० च्या टॅरिफ कायद्यानंतर अमेरिकेत आलेली (त्याने आयात मालावर देशाचं नाव लिहायला लावलं), 'ऑक्युपाइड जपान' असेल तर १९४५ ते १९५२ मधली, कारण तेवढीच वर्षं तिथे दोस्त राष्ट्रांचा ताबा होता. चिनी मातीची भांडी करणारी लेनॉक्स कंपनी तर आपल्या ट्रेंटनचीच, १८८९ ची, तिच्या ताटांमागचा हिरवा ठसा सोनेरी ठशापेक्षा जुना. चांदीवर 'स्टर्लिंग' लिहिलेलं असेल तर हजारात ९२५ भाग चांदी, 'ईपीएनएस' असेल तर नुसता मुलामा. आणि मेणबत्तीच्या स्टँडवर 'वेटेड' लिहिलेलं दिसलं तर हातातल्या वजनावर जाऊ नका, वर चांदीचा पातळ पत्रा आणि आत भर असते.

पिशवी छोटी, खांद्यावरून आडवी घ्यायची, मोठी बॅग दारातच ठेवायला लावतात. त्यात मापं घ्यायची टेप, आणि टेपबरोबर एक कागद ज्यावर घरातली मापं लिहिलेली: ज्या भिंतीला कपाट लावायचंय ती, घराच्या दाराची रुंदी, जिन्याचं वळण, आणि गाडीच्या डिकीचं तोंड. डिकीचं माप लोक हमखास विसरतात. टॉर्च चांगल्या उजेडाचा, बेसमेंटमध्ये बल्ब असतो पण कोपऱ्यात काही दिसत नाही. छोटा यूव्ही टॉर्च, त्याने युरेनियम ग्लास, म्हणजे थोडं युरेनियम घालून केलेली जुनी काच, हिरवीगार चमकते आणि काचेच्या ढिगातून ती झटकन वेगळी काढता येते. लोहचुंबक, म्हणजे पितळ म्हणून विकलेलं आतून लोखंड आहे का ते कळतं. बारीक ठसे वाचायला दहापट भिंग. शिशाची टेस्ट करायच्या पट्ट्या. पातळ हातमोजे, ओले वाइप्स, पाण्याची बाटली, कारण तिथलं बाथरूम सहसा वापरू देत नाहीत. शिलाई मशिन बघायचं असेल तर कॉटनचा एक तुकडा आणि दोऱ्याचं रीळ. कॅश सुट्टी हवी, एक-पाच-दहा-वीसच्या नोटा, आणि बजेट ठरवताना कंपनी टॅक्स लावत असेल तर आपल्याकडचा ६.६२५ टक्के धरून ठरवा. गाडीत वेगळं सामान: जुने टॉवेल, वर्तमानपत्रं, दोन-तीन रिकामे खोके, दोरी, एक जाड चादर. फर्निचर घेतलं तर उचलून न्यायची जबाबदारी आपली असते, म्हणून एक धडधाकट माणूस आधीच सांगून ठेवलेला बरा.

नंबरसाठी लवकर जावं लागतं, दार नऊला उघडणार असेल तर आठच्या आधी रांग लागलेली असते. कुठे कंपनी नंबर देते, कुठे आधी आलेल्यानेच कागदावर नावं लिहायला सुरुवात केलेली असते, पोचल्यावर पहिलं ते विचारा. आत सोडतात तेव्हा दहा-पंधरा जणच सोडतात आणि जिंकतो तो ज्याला कुठे वळायचं ते माहीत आहे. फोटो बघून घराचा अंदाज घेतलेला असला की सरळ बेसमेंटला किंवा किचनला जाता येतं.

आता हातात घेऊन कसं बघायचं ते जरा सविस्तर सांगते, खरी मजा तिथेच आहे. बिडाचा तवा किंवा स्किलेट दिसलं की आधी उलटं करा. ग्रिसवोल्ड कंपनीचं असेल तर वर्तुळातल्या क्रॉसमध्ये नाव आणि खाली ईरी, पेनसिल्व्हेनिया, वॅग्नर असेल तर सिडनी, ओहायो. नाव नसलं तरी जुनं बीड हाताला हलकं लागतं आणि आतून गुळगुळीत असतं, हल्लीचं बरंचसं खरखरीत. मग सपाट टेबलावर ठेवून कडेला बोट दाबा, डुगडुगलं तर बूड वाकलंय आणि आपल्या काचेच्या शेगडीवर ते फिरत राहील. मग मूठ बोटावर अडकवून टिचकी मारा, मडकं घेताना वाजवून घेतो तसं: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. गंजाला अजिबात घाबरू नका, तो घासून निघतो, तड्याला मात्र उपाय नाही. घरी नेल्यावर त्यात पहिलं थालीपीठ लावायच्या आधी शिशाची पट्टी फिरवा, कारण पूर्वी लोक अशा भांड्यांत शिसं वितळवून मासेमारीची वजनं आणि बंदुकीच्या गोळ्या ओतायचे.

सिंगरचं फेदरवेट २२१ हे शिलाई मशिन, १९३३ पासूनचं, काळं-सोनेरी, छोटंसं, साधारण अकरा पाउंड वजनाचं, हे दिसलं तर चाक हाताने आपल्याकडे फिरवून बघा, अडकत नाही ना. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ बसतं ती डबी, आत आहे ना ते आवर्जून बघा, तीच सगळ्यात आधी हरवते आणि वेगळी घ्यायला महाग पडते. वायरचं रबर तडकलेलं असेल तर प्लग लावू नका. वायर ठीक असेल तर कंपनीच्या माणसाला विचारून प्लग लावा आणि चार टाके घालून बघा. पुण्याला आईसाठी न्यायचा विचार असेल तर हे ११० व्होल्टचं आहे, तिथे ट्रान्सफॉर्मर लागेल.

पायरेक्सचे रंगीत बोल १९४५ पासूनचे, चारचा सेट, पिवळा सगळ्यात मोठा, मग हिरवा, लाल आणि छोटा निळा. काठावरून नख फिरवा, टवका डोळ्याआधी नखाला कळतो. रंग खडूसारखा फिका दिसला तर डिशवॉशरमध्ये धुतलेलं आहे. अशा जुन्या बोलच्या बाहेरच्या रंगात शिसं सापडलेलं आहे, म्हणून मी ते शेल्फवर ठेवते, त्यात पीठ भिजवत नाही. लाकडी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून कोपऱ्याचे सांधे बघा, दाते थोडे कमी-जास्त मापाचे असतील तर हाताने केलेले. गादी आणि कापडी खुर्च्यांच्या शिवणीत टॉर्च मारा, काळे बारीक ठिपके दिसले की ढेकूण समजून हात मागे घ्या. १९७८ आधीचं रंगवलेलं लहान मुलांचं फर्निचर नको, त्या रंगात शिसं असू शकतं, आणि एक बाजू खाली सरकणारा पाळणा तर विकायलाच २०११ पासून बंदी आहे. हस्तिदंताचं काही दिसलं तर लांबूनच नमस्कार, आपल्या राज्यात त्याच्या विक्रीवर २०१४ च्या कायद्याने बंदी आहे.

आणि हो, आपलं पितळ. या घरांत कोपऱ्यात, कुंड्यांच्या शेजारी, मुरादाबादचं नक्षीचं पितळ हमखास सापडतं, तळाला 'इंडिया' कोरलेलं, कधी पराती, कधी घंटा, कधी चक्क समई जिला ते लोक कॅन्डल स्टँड म्हणून ठेवतात. मला ते तिथे एकटं पडलेलं बघवत नाही, मी घेतेच. शोभेला ठेवायचं असेल तर चिंच-मीठ लावून घासलं की झालं, आंबट काही शिजवायचं असेल तर मात्र कल्हई करून घ्या.

आवडलेली वस्तू खाली ठेवू नका, ठेवली की गेली. निवडलेलं बाजूला ठेवायला होल्ड टेबल असतं तिथे नाव सांगून ठेवा, मोठ्या फर्निचरच्या चिठ्ठीचा फाडायचा भाग काढून काउंटरला न्या. घासाघीस पहिल्या दिवशी फार करू नये, चार वस्तू एकत्र घेऊन हसून विचारलं तर थोडं कमी करतात, पण कुटुंबातलं कुणी तिथेच उभं असू शकतं, त्यांच्या आईच्या वस्तूला नावं ठेवून भाव पाडणं मला तरी अजिबात पटत नाही. पुस्तकात किंवा ड्रॉवरमध्ये फोटो, पत्रं, पैसे निघाले तर काउंटरला नेऊन द्या. विकलेलं परत घेत नाहीत, तेव्हा पैसे द्यायच्या आधी सेट पूर्ण आहे का, झाकण त्याचंच आहे का ते मोजून-लावून घ्या.

रविवारी बहुतेक ठिकाणी अर्ध्या किमतीत देतात. काच आणि चांदी तोवर गेलेली असते, पण बटणांचे डबे, हाताने विणलेली टेबलक्लॉथ, गराजमधली हत्यारं, वाटणासाठी बरे पडणारे दगडी खल राहिलेले असतात, आणि दुपारी दोननंतर अख्ख्या खोक्याचा एकच भाव विचारला तर ते लोक बहुधा हो म्हणतात, त्यांनाही घर रिकामं करून चावी द्यायची असते. शनिवारी घाईत न बघितलेलं बेसमेंट तेव्हा निवांत बघता येतं, फक्त टॉर्चची बॅटरी रात्री चार्जिंगला लावून ठेवा.